उकंडाजींना कुणी सांगायचं

उकंडाजींच्या बेडक्याची काचपट्टी मी दुसऱ्यांदा तपासली तेव्हाही त्यात टीबीचे जंतू होते. पहिल्यांदा ते असणं अपेक्षितच होतं, त्यामुळेच तर औषध सुरू झालं. पण दोन महिने औषध घेतल्यावर ते नसायला हवे होते, किंवा निदान शोधावे तरी लागायला हवे होते. शोधावे लागले नाहीत. निळ्या रंगावर लाल काड्या, पट्टी सरकवावी तिकडे. माझ्याकडून पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी नवीन पट्टी रंगवून पाहिली. तीही तशीच.

मी यवतमाळ जिल्ह्यात, बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, तपासणीचं काम करते. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र होतं, त्यानंतर लॅबचा डिप्लोमा केला. गावात मला तपासणीवाली मॅडम म्हणतात. माझी खोली आणि डॉक्टरांची खोली यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत आहे आणि ती छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे डॉक्टर साकेत पेशंटशी जे बोलतात ते सगळं मला ऐकू येतं. टीबीच्या नव्या पेशंटला ते जे सांगतात ते मला पाठ झालं आहे. गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी थांबवायच्या नाहीत. मळमळ होईल. लघवी लाल-केशरी होईल, तो औषधाचा रंग आहे, घाबरायचं नाही. हे ते लिहिता लिहिता, मान वर न करता सांगतात. पण सांगतात.

उकंडाजींना मात्र त्यांनी हे सांगितलं नव्हतं. कारण त्या दिवशी उकंडाजींच्या मागे त्यांची सून उभी होती. ममता. ती आमच्या केंद्राची आशा आहे. घरोघर जाऊन औषधं पोचवणं आणि लोकांना समजावणं हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. पाळणा लांबवायची साधनं तिनं ग्रामसभेत, सरपंचांच्या टेबलावर मांडून दाखवली होती. सरपंच तेवढा वेळ भिंतीवरचं घड्याळ पाहत होते.

"तुमच्या तर घरातच आशाताई आहेत," डॉक्टर उकंडाजींना म्हणाले होते. "त्या सगळं सांगतील. देतील पण त्याच."

उकंडाजी उठून गेल्यावर ते मला भिंतीवरून म्हणाले, "गुंजन, हा आपला सगळ्यात सेफ पेशंट."

घरात ममताचं सात महिन्यांचं बाळ होतं. इतक्या लहान बाळाला टीबी लागला तर तो मोठ्यांसारखा साधा राहत नाही. म्हणून बाळालाही प्रतिबंधाचं औषध सुरू झालं आणि उकंडाजींची बाज घरातून ओट्यावर आली. दोन महिन्यांनी तपासणी साफ आली की नातू मांडीवर घ्यायचा, तोवर लांबूनच पाहायचं, असं ठरलं. हे मात्र डॉक्टरांनी त्यांना स्वतः सांगितलं होतं आणि ते त्यांच्या नीट लक्षात होतं.

दुसऱ्या तपासणीचा निकाल मी डॉक्टरांना दिला त्या दिवशी बाजाराचा वार होता. बाहेर रांग होती. उकंडाजी स्टुलावर बसले होते आणि ममता त्यांच्या मागे, दाराजवळ. तिच्या डोक्यावर पदर होता, पार नाकापर्यंत. एरवी मी तिचा पदर डोक्यावर कधी पाहिला नव्हता.

"उकंडाजी, गोळ्या रोज खाता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

उकंडाजी खाली पाहत राहिले.

"ममताताई, तुम्ही रोज देता?"

"देतो जी."

"तुमच्या समोर खातात?"

"समोरच ठेवतो जी."

डॉक्टरांनी मला हाक मारली. लघवीचा नमुना घ्यायला सांगितला. यात काही गुपित नाही. या गोळ्यांमधलं एक औषध मूळचंच विटकरी लाल असतं आणि गोळी पोटात गेल्यावर काही तासांत ते लघवीत उतरतं. लघवी पिवळी असेल तर गोळी पोटात गेलेली नाही. इतकी सोपी तपासणी माझ्या सगळ्या अभ्यासक्रमात दुसरी नव्हती.

उकंडाजी बाटली घेऊन गेले आणि घेऊन आले. त्यांनी ती माझ्याकडे न देता सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. लेबल डॉक्टरांकडे येईल अशी फिरवलीही.

"पाहा साहेब. साफ हाय," ते म्हणाले. दोन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "मंग आता नातू घेऊ का?"

डॉक्टरांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"पिवळी आहे," ते म्हणाले. "पिवळी कशी? लाल का नाही?"

उकंडाजींनी बाटलीकडे पाहिलं. "लाल पाह्यजे होती का?"

"अर्थात लाल पाहिजे! लाल यायलाच पाहिजे! याचा अर्थ तुम्ही गोळ्या खातच नाही. दोन महिने आम्हाला फसवताय. आणि नातू घेऊ का म्हणता? लाज नाही वाटत?"

रांगेतले लोक बोलायचे थांबले. उकंडाजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला, उठले आणि रांगेच्या मधून, कुणाकडे न पाहता निघून गेले. ममतानं हात वर केला. पण त्यांना थांबवायचं तर हाक मारावी लागली असती. हात तसाच खाली आला.

दुपारी मी चौकात गेले तेव्हा देवीलालच्या पानठेल्यावर हीच चर्चा होती. देवीलाल हा उकंडाजींचा लहानपणापासूनचा मित्र. तो पान लावता लावता गावाच्या वतीनं बोलतो, गावानं सांगितलेलं नसलं तरी.

"मॅडम, तुमी शिकलेल्या हा," तो म्हणाला. "मले एक सांगा. उकंड्याले लघवीतून रक्त जात होतं. डरून कोणाले सांगतलं नाही त्यानं, आज मले सांगतलं. गोळ्या बंद केल्या, रक्त बंद झालं. माणूस खुशीत दाखवाले गेला, तर डॉक्टर म्हणते, लाल काहून नाही? असा डॉक्टर कोण्या कॉलेजातून निघते?"

"ते रक्त नव्हतं, देवीलालभाऊ."

"मंग काय होतं?"

मी सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कात लावला, सुपारी टाकली.

"तुमीबी त्याच दवाखान्यातल्या," तो म्हणाला.

तेव्हा माझ्यापुढे दोन गोष्टी स्पष्ट होत्या. लाल रंगाबद्दल गावात सगळ्यात जास्त माहिती ज्या बाईला होती ती उकंडाजींच्या घरात राहत होती. आणि उकंडाजींना ते माहीत नव्हतं. या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले.

उकंडाजी ओट्यावर बाजेवर बसले होते. "जयभीम मॅडम," ते म्हणाले. अंगणात एक भुऱ्या रंगाची बकरी बांधलेली होती. ममता आतून कपबशी घेऊन आली, ती ओट्याच्या कडेवर ठेवली आणि बकरीकडे तोंड करून म्हणाली, "भुरी, चहा ठेवला व. थंडा होऊन राह्यला."

उकंडाजींनी कप उचलला. एक घोट घेतला.

"भुरी," ते म्हणाले, "साखर कमी हाय आज."

ममता आत जाऊन साखर घेऊन आली.

मी तिच्यामागे परसात गेले. तिथे आल्याबरोबर तिनं पदर खांद्यावर घेतला आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"काय व गुंजनताई, कायले त्रास घेतला इतक्या दूर याचा?"

"ममताताई, लघवी लाल होईल हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

"कोणाले? मामाजीले?"

"हो."

"कसं सांगू?"

"तुम्ही तर ग्रामसभेत—"

"ग्रामसभेत माहा सासरा बसला होता का? त्या दिवशी थे वावरात गेलते. मी पाहूनच गेलती."

"मग बकरीला सांगायचं."

ममतानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझ्या पदवीबद्दल तिला पहिल्यांदाच शंका आली असावी. "बकरीलेही सांगाची एक रीत रायते. लघवीचं सांगतात का बकरीले, सासरा बसला असताना?"

"मग तुमच्या सासूबाईंनी—"

"आत्याबाई घरी असत्या तर एका मिनिटाचं काम होतं. थ्या गेल्या उमरखेडले, नणंदेच्या बाळंतपणाले. मामाजीच्या गोळ्या सुरू झाल्या अन् त्याच हप्त्यात थ्या गेल्या." ती धुण्याच्या दगडावर बसली. "मी फोन केलता. म्हटलं, आत्याबाई, तुमी फोनवर सांगून द्या. तर म्हणे, इथं जावयाचं घर हाय, एकच खोली, सगळे ऐकून राह्यले. मी कशी बोलू असलं?"

"तुमचे मिस्टर?"

"यायले सांगतलं. यवतमाळवरून इतवारी येतात. आले, बापाजवळ बसले, कापसाचं बोलले, गेले. मी विचारलं, तर म्हणे, बापाच्या लघवीचं मी कसं काढू?"

"आणि गोळ्या? त्या खाताना तुम्ही पाहत नाही?"

"ताटलीत गोळ्या ठेवतो, पाण्याचा गिलास ठेवतो अन् पाठ करतो. ताटली खाली झाली का उचलतो."

"पाठ का करता?"

"मंग काय सासऱ्याच्या तोंडाकडे पाहू?"

परत जाताना मी ओट्यापाशी थांबले. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला वाटलं की सरळ प्रश्न विचारायला हरकत नाही. "उकंडाजी, पहिल्या दिवसांत लघवी लाल झाली होती का तुमची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बकरीकडे पाहिलं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. बकरीनं मला काही मदत केली नाही.

मी केंद्रात येऊन डॉक्टरांना हे सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे चूक ममताची आहे," ते म्हणाले.

"मला वाटतं, चूक एका माणसात मावणारी नाही."

"तिचं ट्रेनिंग झालंय, गुंजन. सर्टिफिकेट आहे तिच्याकडे."

एवढ्यात बाहेर आवाज वाढला. देवीलाल पुढे होता, त्याच्यामागे उकंडाजी, त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं आणि थोडं अंतर ठेवून काही बाया. त्यांच्यात ममता होती, पदर नाकापर्यंत. डॉक्टर आधी उठून उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उठले. मारामारी झाली तर फोन कुणाला करायचा याचा कागद आमच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यांची नजर तिकडे गेली.

उकंडाजी सरळ टेबलापाशी आले. त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडली. आत प्लास्टिकच्या पिशवीत न खाल्लेल्या गोळ्या होत्या, सगळ्या.

"ह्या घ्या तुमच्या गोळ्या," ते म्हणाले. "एकबी फेकली नाही. सरकारचा माल हाय. मी फसवणारा माणूस नाही."



"साहेब, साधी गोष्ट हाय," देवीलाल म्हणाला. "रक्त पडाचं थांबलं तर माणसानं खुश व्हावं का नाराज?"

"ते रक्त नव्हतं!"

"मंग काय जास्वंदीचं सरबत होतं?"

मागे दोघं-तिघं हसले. उकंडाजी हसले नाहीत.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. औषधाचा रंग, यकृत, मूत्रपिंड. या वेळी ते मान वर करून बोलत होते आणि चांगलं बोलले. लोकांनी ऐकून घेतलं.

"बरं," देवीलाल म्हणाला. "मंग हे आधी काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं होतं! म्हणजे सांगायची व्यवस्था केली होती. त्यांच्या सुनेला सगळं माहीत होतं."

सगळ्यांनी मागे वळून ममताकडे पाहिलं. तिनं पदर आणखी खाली ओढला. डॉक्टर खुर्चीला पाठ टेकून बसले. आता प्रश्न सुटला, असं त्यांना वाटलं असावं.

बायांमधून हंसाबाई पुढे आल्या. त्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. "सुनेले सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सासऱ्याच्या लघवीचं, सुनेनं सांगाचं?"

"आजी, ती आशा आहे."

"आशा थे घराबाहेर हाय, बाबू. घरात थे सून हाय."

लोकांनी माना हलवल्या. मी चेहरे पाहिले. ममतावर कुणीच चिडलेलं नव्हतं. कुणी म्हणालं, "बरोबर हाय, पोरगी कशी सांगन." दुसरं कुणी म्हणालं, "माही सून सांगती तर मी गाव सोडून गेलो असतो." आत येताना डॉक्टरांवर रक्त पाडल्याचा आरोप होता. आता त्यांनी एका घरच्या सुनेला भलतंच काम लावलं होतं आणि हे जास्त गंभीर दिसत होतं.

डॉक्टरांनी मोबाइलवर एक चित्र शोधून दाखवलं, वेगवेगळ्या रंगांच्या लघवीच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या.

"फोनमंदी काहीबी दाखोता येते," उकंडाजी म्हणाले. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी एक डोस खा."

"मी? मला टीबी नाही."

"हे रक्त नाही म्हणता ना? मंग तुमाले काय भेव?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सोडवावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

"रंग यायला साधारण तीन तास लागतात," मी म्हणाले.

ते मला कोपऱ्यात घेऊन गेले. "गुंजन, हे औषध आहे. दाखवण्यासाठी खायचा लाडू नाही. आणि हे काही शास्त्रीय नाही."

"नमुना एकच आहे, हे खरं," मी म्हणाले. "त्यांनी गोळ्या परत सुरू केल्या नाहीत तर बाळाचं काय, हाही प्रश्न आहे."

एका डोसनं निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. तरी मी हे लिहिते आहे ते कुणी करून पाहावं म्हणून नाही. डॉक्टरांनी कपाट उघडलं. पाकीट कोणतं घ्यायचं ते उकंडाजींनी निवडलं, खोक्यातलं तळाचं. डॉक्टरांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले आणि देवीलालनं सांगितल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवली.

मग सगळे बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. डॉक्टरांनी रांगेतले पेशंट तपासायला घेतले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळानं देवीलाल पाण्याचा तांब्या घेऊन आला. "साहेब, पेत राहा. लवकर होईन."

"पाणी देऊ नका," मी म्हणाले.

तांब्या हवेतच थांबला. कडुनिंबाखालचे लोक उठून खिडकीशी आले. "काहून? पाणी काहून नाही?"

"पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो. मग तुम्हीच म्हणाल, नीट लाल झाली नाही."

देवीलालनं विचार केला. "कातात पानी जास्त पडल्यावानी," तो लोकांना म्हणाला. "बरोबर हाय." आणि तांब्या परत घेऊन गेला. त्या दिवशी गावानं मान्य केलेला माझा हा पहिला मुद्दा.

दुपार झाली. बायांनी भाकरी आणल्या. हंसाबाईंनी डॉक्टरांसाठीही एक पाठवली, ठेच्यासकट. अधूनमधून कुणीतरी खिडकीशी येऊन "झाली का?" असं विचारून जायचं. कुणाचं तरी लेकरू तापलं होतं, त्यालाही डॉक्टरांनी त्याच वेळात तपासलं. त्याच्या आईला त्यांनी औषध कसं द्यायचं ते सांगितलं आणि मग, मी पहिल्यांदाच ऐकलं, त्यांनी विचारलं, "घरी औषध कोण देणार? तुम्हीच ना?"

शेवटी डॉक्टर उठले. लोकही उठले. साक्षीदार पाहिजे असं ठरलं, कारण आतमध्ये बाटलीत कुंकू कालवता येतं, अशी कुणीतरी शंका काढली. साक्षीदार म्हणून देवीलाल गेला. मी व्हरांड्यात बाटलीचं झाकण हातात घेऊन उभी होते.

"साहेब, दार उघडं ठेवा. लाजू नका, मी पाठ करतो," देवीलालचा आवाज आला.



"पाठ करू नका," डॉक्टर म्हणाले. "पाठ करूनच हे सगळं झालं आहे. पाहा."

"आता साहेब, असं कसं—"

"पाहा म्हणतो ना!"

देवीलाल बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड डॉक्टरांच्या बाटलीपेक्षा लाल होतं. बाटली त्यानंच हातात धरली होती. कडुनिंबाखाली आणून त्यानं ती उन्हात वर केली.

"पळसाचं पानी!" तो ओरडला. होळीला पळसाची फुलं भिजत घातली की पाण्याला जो रंग येतो, तोच. मी माझ्या खोलीतून कालची पिवळी बाटली आणून शेजारी धरली. तुलना करायला काहीतरी लागतं.

लोकांनी आळीपाळीनं पाहिलं. हंसाबाईंनी पदरानं चष्मा पुसून पाहिलं. उकंडाजी सगळ्यात शेवटी आले. त्यांनी बाटलीकडे बराच वेळ पाहिलं आणि मग डॉक्टरांकडे.

"जळजळ झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भेव वाटला?"

"थोडा," डॉक्टर म्हणाले. "माहीत होतं, तरी रंग पाहून थोडा वाटलाच."

"मले त माहीतबी नव्हतं," उकंडाजी म्हणाले.

डॉक्टरांनी पायाखालच्या लिंबोळ्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "सुनेला नाही. तुम्हाला. ते माझं चुकलं."

"चारचौघात बोलले थे?"

"तेही."

उकंडाजींनी मान हलवली. मग हात पुढे केला. मला आधी वाटलं, हात मिळवायला. पण तळहात वर होता. डॉक्टरांनी त्यावर नव्या पाकिटातल्या गोळ्या ठेवल्या आणि उकंडाजींनी त्या सगळ्यांसमोर गिळल्या. जीभ वर करून दाखवली, कुणी न सांगता.

त्यांच्या बेडक्याचा नमुना आम्ही यवतमाळला मशीनवर तपासायला पाठवला. गोळ्या मध्येच सोडल्यानं जंतू औषधाला न जुमानणारे झाले असते तर पुढचं सगळं अवघड होतं. तसं झालेलं नव्हतं. पहिले थोडे दिवस सोडले तर औषधच न घेतल्यामुळे जंतूंना त्याची नीट ओळख झाली नव्हती, असं मी डॉक्टरांना म्हणाले. हे मी विनोद म्हणून नव्हतं म्हटलं, पण ते हसले.

गावात यानंतर एक फरक पडला, तो मी मोजला नाही पण ऐकला. डॉक्टरची लघवी हा विषय पानठेल्यावर, पाण्याच्या टाकीवर आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर इतक्या वेळा निघाला की त्यात लाजण्यासारखं काही उरलं नाही. ज्या गोष्टीबद्दल घरात कुणी बोलू शकत नव्हतं तिला गावानं एक साधं नाव देऊन टाकलं. तिला लाल म्हणत नव्हते, लघवीही म्हणत नव्हते. 'डॉक्टरसारखं' म्हणत होते.

काही दिवसांनी मी उकंडाजींच्या घरावरून जात होते. ममतानं ओट्यावर ताटली ठेवली, पाण्याचा गिलास ठेवला आणि पाठ केली.

"भुरी," ती म्हणाली, "विचार व, काल डॉक्टरसारखं होतं का?"

"सांग," बाजेवरून उत्तर आलं, "डॉक्टरसारखंच हाय."

सासूबाई, सत्यशीलाबाई, उमरखेडहून परत आल्या तेव्हा त्यांना हा प्रकार एसटीतून उतरता उतरताच कळला. "मी दोन महिने नव्हती तर डॉक्टरले गावासमोर मुतावं लागलं?" असं त्या म्हणाल्याचं देवीलाल सांगतो. त्या आल्यामुळे आता निरोप त्यांच्यामार्फत जाऊ शकत होते. पण औषधाचा निरोप बकरीकडेच राहिला. चांगलं चाललेलं कोण बदलतं.

डॉक्टर साकेत टीबीच्या नव्या पेशंटला अजूनही तेच सांगतात, त्याच क्रमानं. फक्त त्याआधी विचारतात, "तुमच्या घरी कोण कोणाशी बोलतं?" पहिल्या दिवशी या प्रश्नावर एका म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढे घरातलं भावाभावांचं सगळं भांडण मांडलं. रांग चौकापर्यंत गेली. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं.

नव्यानं सुरू केलेल्या औषधाचे दोन महिने झाले तेव्हा उकंडाजींची काचपट्टी पुन्हा माझ्याकडे आली. निळा रंग. मी पट्टी सरकवत गेले. नियमाप्रमाणे जितकं पाहायचं असतं तितकं पाहिलं आणि मग नियमाबाहेर आणखी पाहिलं. लाल काडी मिळाली नाही.

निकाल ममताच्या हातात देऊन चाललं असतं, ती समोरच बसली होती. पण तो मी घेऊन गेले. ममताही माझ्याबरोबर आली आणि अंगणात शिरण्याआधी तिनं पदर घेतला. सत्यशीलाबाई दारात बाळाला घेऊन उभ्या होत्या.

"उकंडाजी," मी म्हणाले, "जंतू नाहीत. साफ आहे. मी स्वतः पाहिलं."

त्यांनी मान हलवली. मग बकरीकडे वळले. "भुरी, सांग तिले."

ममता त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. "ऐकलं म्हण," ती बकरीला म्हणाली.

"मंग सांग," उकंडाजी म्हणाले आणि थांबले. त्यांनी दुपट्टा झटकून मांडीवर पसरला. "लेकरू इकडे आणा म्हण."

सत्यशीलाबाई पुढे होणार होत्या. पण ममतानं त्यांच्या हातातून बाळ घेतलं, ओट्याची पायरी चढली, वाकली आणि बाळ त्या दुपट्ट्यावर ठेवलं. मग तिनं पाठ केली.

भुरी पाहत होती.